अप्पा बाहेरगावी आहेत

बोरी बुद्रुक,
भाजीपाला संघाचं ऑफिस, बियाण्यांच्या गोदामाच्या वरचा मजला

तीर्थरूप साळुआत्यास, तुझ्या धाकट्या भावाच्या मुलाचा, म्हणजे ऋषीचा, दोन्ही हात जोडून आणि कंबर वाकेल तितकी वाकवून नमस्कार.

घरी सगळे बरे आहेत. वडिलांचा गुडघा ढगाळ हवेत तेवढा कुरकुरतो. आई हवेची वाट बघत नाही. तुझी खुशाली अमृत रोज तुमच्या पेठ गावाहून येताना संघाच्या गाडीत घालून आणतो आणि इथे पोचेपर्यंत तिला चांगली फोडणी बसलेली असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनवरून घरी आल्या आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा असताना, तू नुसत्या वासावरून मेथीची जुडी शिळी ठरवून परत पाठवलीस, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ते खरंच असावं. औषधाचे थेंब मात्र वेळेवर घाल, आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हणून बजावलंय ते पाळ. म्हणजे हे पत्र तुला अमृतच वाचून दाखवणार. अमृत संघाची गाडी सरळ चालवतो, तुझ्या शेजारी राहतो, हाकेला धावून येतो, पण त्याला मनातल्या मनात वाचता येत नाही. सूचना फलकसुद्धा तो आख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा वाचतो. म्हणून जे फक्त त्याच्यासाठी आहे ते मी कंसात लिहिणार आहे. (अमृत, कंस दिसला की तोंड बंद. हे वाक्यसुद्धा वाचायचं नाही. वाचलंस ना?)

तू परवा त्याच्याकडे निरोप दिलास, “संघात ह्यांची उत्तरं येत्यात म्हनं. खरं हाय का? आन खरं असंल तर मला कुनी का सांगितलं न्हाई?” अमृतनं तो निरोप चेअरमनच्या केबिनबाहेर उभं राहून, होता तसा, तुझ्या आवाजात सांगितला. तुला सांगायचं धाडस कुणालाच झालं नव्हतं, मलाही नाही. आता सगळं पहिल्यापासून सांगतो. पण आधी एक कबूल करून ठेवतो, की या पत्रात मी माझ्या लग्नाचा विषय काढणार नाही. तसं वचन मी आईला दिलंय. दिवाळीत तू वडिलांना म्हणालीस की अप्पा असते तर त्यांनी डोंगराकडची, भात-नाचणी खाणारी सून आपल्या बाजरीच्या घरात येऊ दिली नसती, आणि वडील म्हणाले की अक्काचा शब्द शेवटचा. तेव्हापासून तो विषय आमच्या घरात ताटाखाली झाकून ठेवलेला आहे. ते ताट मी उचलणार नाही. प्रतिभाचं नाव पुढे येईल ते कामापुरतं, कारण ती संघाच्या घोडेगाव शाखेत हिशेब बघते आणि हा घोटाळा पहिल्यांदा तिच्याच लक्षात आला. (अमृत, तिचं नाव आलं की आवाज खाली आणू नकोस. तू आवाज खाली आणलास की आत्याला संशय येतो.)

अप्पांनी, म्हणजे तुझ्या यजमानांनी, हा भाजीपाला संघ काढला आणि शेवटच्या दिवसापर्यंत चेअरमन म्हणून चालवला, हे तुला सांगायची गरज नाही, पण न सांगता पुढे गेलो तर अमृत मध्येच थांबून तुलाच विचारत बसेल. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत शाखा झाल्या तेव्हा अप्पांनीच सगळ्यांना कॉम्प्युटरवरून टपाल सुरू करून दिलं. गोदामाच्या वरच्या खोलीत दोन काळ्या पेट्या आहेत, ज्यांच्या पूजेला तू हळदकुंकू वाहिलं होतंस, तेच ते सर्व्हर. (त्यातली हळद परवा आतल्या पंख्याच्या पात्यांवर सापडली. हे आत्याला कळू देऊ नकोस.) एका पेटीत सगळ्यांची पत्रं. दुसरीत सगळ्यांची नावं: कोण कुठल्या शाखेत, कुणाच्या हाताखाली, कुणाला कुठलं कपाट उघडायची मुभा. ह्या दुसरीला डिरेक्टरी म्हणतात. दोन्हींची देखभाल माझ्याकडे, कारण नोकरीला लागलो त्या आठवड्यात मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. तेव्हापासून संघात जे जे वायरीला जोडलेलं आहे ते माझ्या गळ्यात आहे.

तर ह्या पेट्या इतक्या जुन्या झाल्या की त्यांच्या कंपनीनंच त्यांचं औषधपाणी बंद केलं. आता आत चोर शिरला तर आम्ही जबाबदार नाही, असं तिनं कळवलं. ते मी संचालक मंडळापुढे वाचलं, तेव्हा गोदामाला दोन कुलपं असल्याचं मला सांगण्यात आलं. शेवटी पुण्याहून आदेश नावाचा इंजिनियर बोलावला. पोरगा हुशार, बोलतो कमी, आणि दर वाक्याच्या शेवटी ‘राइट?’ असं विचारतो, त्यामुळे आपण उगाच माना डोलवत जातो. त्यानं सांगितलं की जुन्या व्हर्जनवरून एकदम नव्या व्हर्जनवर जाता येत नाही. वाटेत मधल्या एका व्हर्जनवर सगळं उतरवायचं, तिथे ते नीट बसलं की मग पुढे. आपले सध्याचे चेअरमन सावळेराम यांना हे काही पटेना. “मदल्या गावात आपलं पावणं हायेत का, मुक्काम कराया?” असं त्यांनी विचारलं. आदेश त्यावर ‘राइट’ म्हणाला, आणि विषय मंजूर झाला.

रविवारी सकाळी ऑफिस बंद ठेवून सामान हलवायला घेतलं. बाकीच्यांची खाती भराभर गेली. आपल्या गोदामातल्या संपतचं तर चहा निवायच्या आत गेलं, कारण त्यानं आजवर कुणाला पत्रच लिहिलेलं नव्हतं; तो खिडकीतून ओरडतो. पण चेअरमनचं खातं काही संपेना. उघडून बघतो तर आत सगळी फुलं. रोज सकाळी कुणी ना कुणी त्यांना गुलाब, कमळ, उगवता सूर्य आणि खाली सुविचार असं पाठवलेलं, आणि त्यांनी त्यातलं एकही पुसलेलं नाही. आदेश म्हणाला हे काढून टाकू. मी चेअरमनना फोन लावला, तर ते दुखावल्या आवाजात म्हणाले की माणसानं मायेनं पाठवलेलं आपण टाकायचं का. मग आम्ही दोघं दिवसभर बसून एका व्हर्जनमधली फुलं दुसरीत लावत होतो आणि ती तिथे धरली की उपटून तिसरीत. टोमॅटोच्या रोपांची एवढी काळजी आपल्या नर्सरीत कुणी घेत नाही.

मग नावांची पेटी काढली. नव्या डिरेक्टरीला प्रत्येकाचा वरिष्ठ कोण ते लागतं. रकाना मोकळा ठेवला की ती लाल होते. शिपायाचा वरिष्ठ हेडक्लार्क, हेडक्लार्कचा मॅनेजर, असं करत करत गाडी अप्पांपाशी आली. अप्पांचा वरिष्ठ कोण? जुन्या पेटीत बघितलं तर अप्पांनी स्वतःच भरून ठेवलं होतं: विघ्नहर, मुक्काम ओझर. आदेशला वाटलं ओझरला आपलं मोठं ऑफिस आहे. मी तोंड उघडायच्या आत त्यानं विघ्नहर या नावानं रीतसर खातं उघडून दिलं, आणि आता ओझरच्या गणपतीला पासवर्ड बदला म्हणून ताकिदी जातायत. त्या बंद करायच्या तर खातेदाराच्या वरिष्ठाची परवानगी आणा, असं मशीन म्हणतं. मी नंतर ओझरला जाऊन दर्शन घेऊन आलो आणि दुरूनच माफी मागितली.

तालुक्यांचं निराळंच. आदेशनं सगळ्या नावांच्या दोन फांद्या केल्या, आंबेगाव वर आणि जुन्नर खाली, कारण अक्षरांच्या क्रमानं तसंच येतं. जुन्नरच्या संचालकांनी निषेध म्हणून चहा नाकारला. त्यांचा चहा जाणं बरं दिसेना म्हणून मी जुन्नरच्या आधी एक टिंब टाकलं, त्यासरशी जुन्नर वर गेलं. मग आंबेगावकरांनी दोन टिंबं मागितली. सध्या दोन्ही तालुक्यांच्या आधी इतकी टिंबं आहेत की नाव दिसेपर्यंत बोट दुखतं, पण चहा दोन्हीकडचे घेतात.

आता मूळ दुखणं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव खोडत नाहीत. पुढे ‘कै.’ लावतात आणि मानाची जागा तशीच ठेवतात, लग्नपत्रिकेत ठेवतात तशी. संघाच्या यादीतही पहिलं नाव अप्पांचंच राहिलं. अप्पा गेल्यावर मी एवढंच केलं होतं, की त्यांच्या नावावर आलेलं पत्र परस्पर सावळेराम चेअरमनकडे वळवून दिलं. त्यामुळे झालं असं, की चेअरमनना लिहायचं म्हणजे यादीतलं पहिलं नाव दाबायचं, ही दोन्ही तालुक्यांची सवय होऊन गेली. सावळेरामांचं स्वतःचं नाव खाली लांब आहे, तिथपर्यंत कुणी कधी गेलंच नाही. चेअरमनना शोधायला इतकं खाली जाणं हा त्यांचा अपमान आहे, असंही काहींचं मत पडलं.

नव्या पेटीत फुलं आली, टिंबं आली, गणपती आला, पण ते वळण आलं नाही. ते जुन्या पेटीत राहिलं आणि जुनी पेटी आम्ही बंद केली. उलट एक भलतंच जागं होऊन आलं. तुला आठवत असेल, तुम्ही दोघं काशीला गेला होतात. निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी मला बोलावलं आणि म्हणाले, मी नसताना कुणाचं पत्र आलं तर त्याला आपोआप उत्तर जाईल अशी काहीतरी सोय कर. त्यांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला: ‘आपले पत्र मिळाले. आपण म्हणता ते रास्त आहे. मी बाहेरगावी आहे. मी येईपर्यंत काम थांबवू नये. – रखमाजी.’ ‘रास्त’ हा शब्द मी आधी घातला नव्हता, तो त्यांनी आग्रहानं घालायला लावला. तुम्ही गंगेचं पाणी घेऊन परत आलात तेव्हा मी ते उत्तर बंद केलं, पण पुसलं नाही. नव्या पेटीत ते चालू होऊनच उतरलं.

सोमवारी ऑफिस उघडलं आणि अप्पांनी कारभार हातात घेतला. पहिलं पत्र कँटीनच्या ठकूबाईंचं होतं. बुधवारी उपम्याऐवजी मासवडी करू का, असं त्यांनी चेअरमनना, म्हणजे पहिल्या नावाला, विचारलं होतं. पदराला हात पुसेपर्यंत उत्तर आलं, आपण म्हणता ते रास्त आहे, रखमाजी. ठकूबाईंनी तो कागद छापून घेऊन शेगडीच्या वर भिंतीला चिकटवला, हळदीकुंकवाची बोटं लावली आणि त्या बुधवारपासून मासवडी सुरू झाली. मासवडी फार झकास होते. मग संपतनं आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं, की मेहुण्याच्या वरातीला संघाची गाडी मिळावी. मिळाली. (तू त्या वरातीत नाचलास ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही.) जुन्नरच्या संचालकांनी लिहिलं की नवी रोपवाटिका आमच्या तालुक्यात व्हावी, आंबेगावच्यांनी लिहिलं की आमच्याच तालुक्यात व्हावी. दोघांचंही रास्त ठरलं. दोन्हीकडे एकाच मुहूर्तावर नारळ फुटले आणि दोन्हीकडच्या फलकावर ‘कै. अप्पांच्या आज्ञेवरून’ असं लिहिलं गेलं.

तू म्हणशील, लोकांना कळलं नाही का? कळत होतं की. कॉम्प्युटर आहे, हे कळत होतं. अप्पा नाहीत, हेही कळत होतं. दशक्रियेला सगळे होते आणि भाषणंही सगळ्यांनी केली होती. पण हातात अप्पांच्या नावाचा कागद आणि त्यावर मनासारखं उत्तर असलं की आणखी खोलात कोण जाणार. आणि सगळ्यांत खुशीत कोण होतं म्हणशील तर सावळेराम चेअरमन. त्यांच्याकडे एक अर्ज येईना, एक तक्रार येईना. आपल्या शिस्तीमुळे माणसं सुधारली, असं त्यांनी एका लग्नात माईक घेऊन सांगितलं. फक्त फुलं का बंद झाली हे त्यांना उमगेना. फुलं अप्पांकडे जात होती, आणि अप्पा प्रत्येक गुलाबाला रास्त म्हणत होते.

हे सगळं उघडकीला आलं ते घोडेगाव शाखेचं छप्पर गळायला लागलं तेव्हा. प्रतिभानं चेअरमनना तसं कळवलं, उत्तर आलं, आणि तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. बाकी सगळे ‘रास्त’पाशी थांबले होते. ती कुठलाही कागद शेवटच्या टिंबापर्यंत वाचते, आणि तिची ही सवय मला आवडते, हे मी कामापुरतंच सांगतोय. तिनं मला फोन करून विचारलं, “अप्पा बाहेरगावी गेल्यात म्हनं. कवा येणार हायेत तेवढं विचारून सांगता का? तवर बादली लावून ठेवते.” आणि मग ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसून झाल्यावर मात्र ती म्हणाली, “आत्याबाईंच्या कानावर गेलं तर त्यांना कसं वाटंल, ह्याचा इचार केला का तुमी?” मी केला नव्हता. आत्या, मी खरंच केला नव्हता. पेट्यांच्या नादात ते माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

मी दुरुस्तीला बसतोय तोवर चेअरमनचं बोलावणं आलं. त्यांची एक सवय आहे, काही ठरवायचं झालं की विसरू नये म्हणून स्वतःलाच पत्र लिहून ठेवायचं, आणि तेही पहिलंच नाव दाबून. त्यांनी लिहिलं होतं की ऋषीनं संघाचं टपाल बिघडवलं असून त्याला नर्सरीवर पाणी घालायला पाठवावं. त्यालाही उत्तर आलं होतं. ‘आपण म्हणता ते रास्त आहे’ यावर बोट ठेवून ते म्हणाले, “बग, अप्पांलाबी पटलंय.” मी ‘काम थांबवू नये’ यावर बोट ठेवलं. मग आम्ही दोघांनीही निकालासाठी भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोकडे बघितलं. फोटोतले अप्पा नेहमीसारखे, दोघांच्याही बाजूचे दिसत होते. मी अजून त्याच खुर्चीवर आहे.

तर आता दुरुस्ती म्हणजे एक बटण दाबायचंय: खातं बंद. पण दाबायचं कुणी? दर पुण्यतिथीला प्रत्येक संचालक हार घालून सांगतो की अप्पा आजही आपल्यात आहेत. आता अप्पा आपल्यात नाहीत असा ठराव मांडायला एकही हात वर होईना. शिवाय दोन्ही तालुक्यांना आपापली रोपवाटिका हवी आहे, ठकूबाईंनी मासवडी बंद झाली तर भांडी घासायलासुद्धा येणार नाही म्हणून सांगितलंय, आणि खुद्द चेअरमननाच ह्या शांततेची गोडी लागलीय. शेवटी असं ठरलं की हा घरचा विषय आहे, घरच्यांची संमती आणावी. घरच्यांची म्हणजे तुझी. सोबत संमतीचा कागद जोडलाय. त्याच्या खाली सहीची जागा मोकळी आहे.

तेव्हा तुझ्या निरोपाचं उत्तर हे असं आहे, आत्या. उत्तरं येतात, पण अप्पा देत नाहीत. काशीला जाताना त्यांनी जे बोलून ठेवलं तेवढंच मशीन सगळ्यांना देतं. मला हे ठाऊक होतं, तो मजकूर मीच टाईप केलेला, तरी तो माझ्या समोर उमटला आणि खाली ‘रखमाजी’ दिसलं तेव्हा मला गलबलून आलं. तू निरोपात ‘खरं हाय का’ असं विचारलंस, ते तुला खरं असावंसं वाटत होतं, हे मला अमृतच्या आवाजातूनही कळलं. मी तुला खोटं सांगू शकत नाही, म्हणून एवढं लांबण लावलं.

डोळ्यांत पाणी आणू नकोस, डॉक्टर माझ्यावर ओरडतील. अमृतला चहा दे, त्याचा घसा कोरडा पडला असेल.

तुझा वायरवाला भाचा,
ऋषी

ता. क. आईला दिलेलं वचन पत्रापुरतं होतं आणि पत्र वर सहीपाशी संपलं. तेव्हा आता मोकळेपणानं लिहितो. संमतीच्या कागदामागे आणखी एक कागद टाचलेला आहे, तो अमृतकडून वाचून घे. परवा मीही पहिलं नाव दाबून अप्पांना लिहिलं, की मला प्रतिभाशी लग्न करायचंय, ती मला फार आवडते, आत्याची हरकत आहे आणि ती तुमच्या नावावर आहे, तर तुमचं काय म्हणणं? उत्तर लगेच आलं. ते मी छापून, संघाचा शिक्का मारून, आवक-जावकमध्ये नोंदवून पाठवतोय. आपण म्हणता ते रास्त आहे. काम थांबवू नये. (अमृत, हे वाचताना आत्याच्या चेहऱ्याकडे बघ आणि संध्याकाळी मला सांग. जसं असेल तसं सांग, फोडणी नको.)

ता. क. तू म्हणशील, हे तर ते सगळ्यांनाच म्हणतात, गुलाबालासुद्धा. खरंय. पण तुला एक सांगायचं राहिलंय. तो मजकूर टाईप करताना मी अप्पांना विचारलं होतं, की न वाचताच सगळ्यांना रास्त आहे म्हणून कसं चालेल, एखाद्याला नाही म्हणायचं असलं तर? अप्पा हसले आणि म्हणाले, “न्हाई म्हनाय घरात मानूस हाय की. मला कवा जमलंय ते?” आत्या, अप्पांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी तरी बघितलेलं नाही. तू आठवून बघ. दिवाळीत जे ‘नाही’ आलं ते अप्पांचं नव्हतं.

ता. क. मी माझा कागद मिळेपर्यंत मुद्दाम दुरुस्ती लांबवली असा तुला संशय येईल. तसं काही नाही. (अमृत, मुद्दामच लांबवली असं प्रतिभा म्हणते, आणि तसंच आहे. पण तिचं म्हणणं तिच्यापाशी राहू दे.)

ता. क. सहीची घाई करू नकोस. तू सही करेपर्यंत मी खातं बंद करत नाही. तुला त्यांना काही लिहायचं असेल तर लिहून घे, मग बंद करू. उत्तर तेच येईल हे तुला माहीत आहे, पण येईल. तुझ्या डोळ्यांना ताण नको, अमृतला टाईप येत नाही, आणि मी समोर बसलो तर तू मोकळेपणानं बोलणार नाहीस. गुरुवारी प्रतिभा कामानिमित्त पेठेवरून जाणार आहे, ती लॅपटॉप घेऊन तुझ्याकडे येईल. तू सांग, ती लिहील, आणि ते तिच्यापाशीच राहील. नंतर तिला जेवायला थांबव. ती बाजरीची भाकरी खाते, मी विचारून घेतलंय; थापते मात्र जाड, पातळ कशी थापायची ते तू तिला शिकव.

(अमृत, गुरुवारी तू गाडीतच बसून राहायचं.)